नॉटिंगहॅममध्ये मी उघडलेली बॅग

इंग्लंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कसं होतं?" मी सांगतो, "हिरवं होतं." ते खरंच हिरवं आहे, डोळे निवतात. मग थंडीचं विचारतात, जेवणाचं विचारतात, तेही मी रंगवून सांगतो. नातीचं काय चाललंय, असं कुणी विचारलं की मात्र मी चहा ठेवायला उठतो.

पहिल्यांदाच तिकडे निघालेल्यांसाठी चार उपयोगी गोष्टी लिहाव्यात म्हणून बसलो होतो. बूट कुठले न्यावेत, मुलीच्या घरी राहताना दुपार कशी काढावी, असलं काहीबाही. पण एक गोष्ट गाळून बाकीचं लिहायला लागलो तर हात चालेना. तेव्हा ती लिहून टाकतो. मला तिची लाज वाटते, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी ओळख द्यायची तर मी एक्साइजमधला निवृत्त माणूस. नोकरीचा मोठा भाग खानदेशाच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या नाक्यावर गेला. खात्यात माझं नाक प्रसिद्ध होतं. कांद्याच्या ट्रकची ताडपत्री अर्धी वर झाली की खाली काय दडवलंय ते मी सांगायचो, आणि बहुतेक वेळा ते निघायचं. बायको गेल्यावर धुळ्याच्या घरात एकटाच राहतो. ऐकायला कुणी नसलं की माणूस आपल्याच जुन्या गोष्टींवर जगायला लागतो, तसं माझं झालं होतं. मुलगी मेधा म्हणाली, "बाबा, मे महिन्यात या. हवा चांगली असते." गेलो.

नॉटिंगहॅम

मेधा तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम करते. जावई प्रशांत जन्मानं लंडनजवळच्या स्लाऊ गावचा, कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याचे वडील आबासाहेब तरुणपणी विदर्भातून स्लाऊला गेले, कारखान्यात लागले, आणि बायको वारल्यावर मुलाकडे नॉटिंगहॅमला राहायला आले. खालची खोली त्यांची. रोज सकाळी ते बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणतात आणि त्यामागून पंचशील. वर माझ्या खोलीत ऐकू यायचं. पाठीच्या कण्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय जळतात, काठी लागते, पण वंदनेला ते ताठ बसतात. आम्ही दोघे व्याही एकमेकांशी फार जपून बोलायचो. ते मला साहेब म्हणत, मी त्यांना आबासाहेब.

आणि ईरा, माझी नात. तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते, मैत्रिणींबरोबर वेगळ्या घरात राहते, पण परीक्षा संपल्यामुळे आईकडे आली होती. मला शहर दाखवायचं काम तिच्यावर होतं.

पहिल्याच दिवशी ट्रामच्या स्टॉपवर माझं नाक वर झालं. शेजारी एक सुटाबुटातला तरुण शांतपणे विडी ओढत उभा होता. मी ईराला म्हणालो, "हा गांजा आहे."

"आजोबा, लाउड नका बोलू."

"इथे गुन्हा नाही का?"

"आहे ना. क्लास बी. प्रिझनमध्ये पण जाऊ शकतो माणूस."

समोरून दोन पोलीस आले आणि त्या माणसाच्या शेजारून निघून गेले. मी बोट दाखवलं. "मग हे?"

"ते लंचला चाललेत, आजोबा."

मी ट्रामभर हसत होतो. शहराच्या चौकात दगडी सिंह आहेत, तिथे लोक एकमेकांची वाट बघतात. त्यांच्या पायाशी बसून आम्ही चिप्स खाल्ले. चिप्स म्हणजे आपले वेफर्स नव्हेत. बटाट्याच्या जाड गरम फोडी असतात आणि त्यांच्यावर हे लोक चक्क व्हिनेगर ओततात. पहिला घास घशाशी अडकला, नंतरचे गेले. तिथे ईरानं मला तिचा पुढच्या वर्षाचा विषय सांगितला. अमेरिकेतली राज्यं मौजेखातर ओढायच्या गांजावर कर कसा लावतात, त्यावर ती एमएला प्रबंध लिहिणार होती. मी व्हिनेगर विसरलो.

"काही स्टेट्स प्राइसवर टॅक्स लावतात," ती सांगत होती. "काही वजनावर. आणि काही आहेत ना, ते किती स्ट्रॉंग आहे त्याच्यावर. पण शेजारचा स्टेट असतो, तिथे तो टोटली इल्लीगल. मग लोक गाडी घेऊन बॉर्डर क्रॉस करतात."

"अगं, हा तर माझा नाका झाला," मी म्हणालो.

मग मी तिला सगळं सांगितलं. गांजाला देशभर बंदी, तो केंद्राचा कायदा. पण त्याच झाडाचं नुसतं पान, म्हणजे भांग, राज्यांच्या हातात सोडलेलं. आमच्या फाटकाच्या अलीकडे भांग बाळगायची तर परवाना हवा, नाहीतर गुन्हा. फाटकाच्या पलीकडे सरकारमान्य भांगेचं दुकान, वर पाटी, ठेका सरकारनं दिलेला, महसूल सरकारजमा. होळीला पलीकडे जाऊन उजळ माथ्यानं ठंडाई प्यायलेला माणूस खिशात पुडी घेऊन घरी निघाला की फाटकापाशी मी उभा. कर फार चढवला तर चोरटा माल वाढतो, उतरवला तर पिणारे वाढतात, या दोन्हींच्या मध्ये सरकारं कशी लोंबकळतात तेही सांगितलं. ईरानं फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. कितीतरी वर्षांत माझं बोलणं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

"आजोबा, मला तो दुकान बघायचंय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर मी धुळ्याला आली तर चालेल?"

चालेल म्हणजे काय. घरी पोचल्या पोचल्या मी धुळ्याला रंगाऱ्याला फोन लावला आणि मागची खोली रंगवायला सांगितली. सामान ठेवायची खोली होती ती. मला त्या मुलीशिवाय आता दुसरं काही सुचत नव्हतं, हे कबूल करतो.

डर्बीशायरचे डोंगर

शनिवारी सगळे गाडीनं डर्बीशायरच्या डोंगरात गेलो. त्या डोंगरांना आपल्याकडे कुणी डोंगर म्हणणार नाही, पण देखणे आहेत. उतारभर दगडी बांध, चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले, आणि आत मेंढ्या. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून पायवाटेनं जायचा लोकांना तिथे कायद्यानं हक्क आहे. शेतकरी काही बोलू शकत नाही. फक्त फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, एवढी पाटी असते. आपल्याकडे परक्याच्या बांधावर पाय ठेवून बघा. मी नव्या बुटांच्या भरवशावर पुढे गेलो आणि एका फाटकापाशी सपशेल चिखलात बसलो. ईरा इतकी हसली की तिला मेंढ्यांच्या कुंपणाला धरावं लागलं. मीही हसलो.

आबासाहेब वर आले नाहीत. खाली चहाच्या दुकानात बसून राहिले. आम्ही उतरलो तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि समोरचं पुडिंग, म्हणजे तिकडचा गोड पदार्थ, तसंच होतं. "पाय जरा बोलतायत," एवढंच म्हणाले. ईरानं त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

परत येताना मी मागच्या सीटवर होतो. ईराची बॅग माझ्या पायाशी होती. गाडी तापली, काचा बंद, आणि तो वास आला. ताजा, हिरवा, चिकट. तसा झुळकीएवढा तो मला घरामागच्या बागेतही एकदोनदा आला होता, पण शेजारी विद्यार्थी राहतात, त्यांचा असेल म्हणून सोडून दिला होता. आता तो माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर होता. नाकाबद्दल शंका नव्हती. ट्रामच्या स्टॉपवरचं हसू, प्रबंध, ते कौतुकानं ऐकणं, सगळ्याचा मला वेगळाच अर्थ लागायला लागला. पोरगी माझ्याकडून कायदा शिकत नव्हती, मला गुंडाळत होती, असं वाटलं. मी काचेबाहेर बघत राहिलो. मेधानं विचारलं तर चिखलामुळे थंडी वाजतेय म्हणालो.

रविवार

दुसऱ्या दिवशी प्रशांतचा जुना मित्र आणि त्याची बायको लंडनजवळच्या स्टॅनमोरहून जेवायला यायचे होते. मेधा पुऱ्यांचं पीठ मळत होती. ईरा आंघोळीला गेलेली पाहून मी तिच्या खोलीत शिरलो.

नाक्यावरची आमची एक पद्धत होती. बॅगेत वरून हात घालून चाचपत बसायचं नाही, बॅग जमिनीवर उलटी करायची. मी तिची बॅग उलटी केली. पुस्तकं, मफलर, अर्धवट खाल्लेलं चॉकलेट, केसांचे चाप. मराठी बाराखडीचं लहान मुलांचं एक जुनं पुस्तक होतं, आत तिनं पेन्सिलीनं अक्षरं गिरवली होती. ते धुळ्यासाठी होतं. मी ते पाहिलं आणि बाजूला सारलं. त्याच्याखाली प्लॅस्टिकची एक डबी होती, लेबल खरवडून काढलेली. झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर चुरा. माझं नाक पुन्हा एकदा बरोबर निघालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला.

डबी खिशात घालून मी खाली आलो. बाकीचं सामान तसंच जमिनीवर पडलेलं होतं.

पानं वाढली होती. श्रीखंडाचं भांडं मध्ये होतं. पाहुणीनं ईराला विचारलं, "सो, पुढच्या वर्षी कशावर लिहिणार आहेस?" ईरा सांगायला लागली आणि मी डबी काढून श्रीखंडाच्या भांड्याशेजारी ठेवली.

"अभ्यास कशाचा चाललाय ते मी दाखवतो," मी म्हणालो. "हे तुझ्या बॅगेत काय आहे?"

हा आवाज मी नाक्यावर ड्रायव्हरांसाठी वापरत असे. निवृत्त झाल्यापासून तो घशातून निघाला नव्हता. पाहुण्यांचे हात थांबले. प्रशांत मला म्हणाला, "बाबा, हे काय आहे?" मेधानं डबी उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली.

ईरानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं टेबलाच्या टोकाला बसलेल्या आबासाहेबांकडे पाहिलं. विचारल्यावर माणूस पहिल्यांदा जिकडे बघतो तिकडे मालाचा धनी असतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत आलो. त्या दिवशी मी ते बघूनही समजलो नाही. आबासाहेबांनी ओठ हलवले, पण ईरा घाईनं बोलली.

"माझा आहे."

प्रशांत इंग्रजीत तिला बोलायला लागला. मेधा रडायला लागली. पाहुणे श्रीखंड न खाताच उठले, ट्रॅफिकचं काहीतरी कारण सांगून. ईरा वर गेली, बहुधा जमिनीवरचं सामान गोळा केलं असेल, आणि बॅग खांद्याला लावून ट्रामनं आपल्या मैत्रिणींच्या घरी निघून गेली. दारातून जाताना मला म्हणाली, "बाय, आजोबा." रागानं नाही, नेहमीसारखंच.

संध्याकाळी प्रशांत मला म्हणाला, "बाबा, बरं झालं तुम्ही पकडलंत." मी त्यावर मान डोलावली.

बागेतली शेड

सोमवारी दोघं कामावर गेली. वंदना झाल्यावर आबासाहेब काठी टेकत माझ्यापाशी आले. "साहेब, जरा मागे शेडमध्ये येता?"

बागेच्या कोपऱ्यात लाकडी खोपटं आहे, गवत कापायचं यंत्र ठेवतात तिथे. आत दोन खुर्च्या होत्या. त्यांनी फळीमागून एक डबी काढून माझ्या हातात दिली. तशीच डबी, पण भरलेली, आणि लेबल जागेवर. लेबलवर औषधाचं नाव, किती घ्यायचं ते, आणि आबासाहेबांचं पूर्ण नाव.

"स्पेशालिस्ट डॉक्टरनं प्रिस्क्राइब केलंय," ते म्हणाले. "एकदम लीगल. ओढायचं नाही, मशिनीत तापवून वाफ घ्यायची. गोळ्या सगळ्या करून झाल्या साहेब. रात्र रात्र पाय आगीत घातल्यासारखे व्हायचे."

"मग लपवायचं कशाला?"

ते म्हणाले, "रोज सकाळी पाचवं शील म्हणतो, नशा न करण्याचं. स्लाऊच्या पोरांना आयुष्यभर तेच सांगत आलो. भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, औषध आहे, दोष नाही. पण माझं मन ऐकत नाही. प्रशांतला कसं सांगू? ईराला एकदा इथे सापडलो, तेव्हापासून तीच बघते सगळं. रिकामी डबी घरच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली तर मेधाच्या हाताला लागेल, म्हणून लेबल काढून बाहेर नेऊन टाकते."

मी दुसऱ्या खुर्चीत बसलो.

"काल मी बोलायला हवं होतं," आबासाहेब म्हणाले. "तोंड उघडलं होतं. पण ती आधी बोलली, आणि मी तिला बोलू दिलं. पाहुण्यांसमोर मला लाज वाटली हो, साहेब."

ते मशिनीत औषध भरायला लागले, पण चुरा मांडीवर सांडत होता. मी मशीन त्यांच्या हातातून घेतलं आणि धरून बसलो. शेड त्या वासानं भरून गेली. या वासाचा माग काढण्यात माझी नोकरी गेली, आणि तो कुणाच्या उपयोगी पडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोड्या वेळानं त्यांनी एक पाय हळूच लांब केला, मग दुसरा. बाहेर शेजाऱ्याचं मांजर कुंपणावरून चालत गेलं, ते आम्ही दोघे बघत राहिलो.

संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. प्रशांत वडिलांजवळ जमिनीवर बसला आणि त्यांच्या पायांवर हात ठेवून बसून राहिला. मला कुणी दोष दिला नाही, तेच मला जड गेलं. मग आबासाहेब स्टॅनमोरला फोन करायला उठले. मी म्हणालो, "चूक माझी आहे. फोन मी करतो."

"तुम्ही काय सांगणार साहेब?" ते शांतपणे म्हणाले. "पोरीचं नाही असं सांगायचं, तर कुणाचं आहे ते सांगावंच लागेल. माझंच आहे, तर मीच सांगतो."

पॅसेजमध्ये काठीवर भार टाकून उभ्या उभ्या ते बोलले. पाहुणीला सगळं नीट समजावं म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. इतके दिवस जपलेली गोष्ट माझ्या नाकापायी त्यांना परक्या घरी फोनवर सांगावी लागत होती. मी जिन्याच्या पायरीवर बसून ती ऐकली. कान झाकून घ्यायचाही मला हक्क नव्हता, असं वाटलं.

सिंहांपाशी

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं ट्राम पकडली. मी फोन करून बोलावल्यावर ईरा सिंहांपाशी आली. मी तिला म्हणालो, "माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली, बाळा. मला माफ कर."

"इट्स फाइन, आजोबा." मग तिनं विचारलं, "आबांचं सगळ्यांना कळलं?"

"हो."

तेव्हा ती रडली. स्वतःसाठी नाही, मला ते स्पष्ट दिसलं. मी रुमाल पुढे केला, तिनं घेतला नाही, बाहीनंच डोळे पुसले.

"तुम्ही मला विचारलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी लाय केलं असतं. पण तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

मी दिवाळीनंतरचं काढलं. तो दुकान, मी तिच्याच शब्दांत म्हणून पाहिलं. ती हसली नाही.

"बघू, आजोबा," ती म्हणाली.

परत

हीथ्रोला सामानाच्या तपासणीत माझी हातातली बॅग बाजूला निघाली. आबासाहेबांनी निघताना रुबार्ब नावाच्या तिकडच्या आंबट देठांची चटणी दिली होती. बाटली मी वेडेपणानं हातातल्या बॅगेत घातली होती. तपासणीवरची बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं हातमोजे चढवले, बॅगेवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "ही तुमची बॅग का? मी उघडली तर चालेल?"

मी नाही म्हटलं असतं तरी तिनं ती उघडली असती, हे मला ठाऊक आहे. तरी तिनं विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत चेनला हात लावला नाही. चटणी काढून घेतली, माझे सदरे पुन्हा घडी करून होते तसे ठेवले, चेन लावली आणि बॅग माझ्या हातात दिली. मागे रांग खोळंबली होती. मला तिथून पाय उचलायला वेळ लागला.

धुळ्याला आलो तर रंगारी काम संपवून गेला होता. मागची खोली फिकट पिवळी, छान झाली आहे. दार लावून बघितलं तेव्हा लक्षात आलं की सामानाची खोली म्हणून तिला कडी फक्त बाहेरून आहे. सुताराला बोलावलं आणि आतून एक भक्कम कडी बसवून घेतली. तो म्हणाला, "साहेब, घरात तुम्ही एकटे, आतून कडी कशाला?" मी म्हणालो, "बसव तू."

ईराशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो. हवा कशी आहे, आबांचे पाय कसे आहेत, तेच विचारतो. कडीचं तिला सांगितलेलं नाही. ती आली, तर तिला दिसेल.